बेंगळूरला बाबांना घेऊन जयदेव हॉस्पिटल गाठायचंय: मेट्रो, बस की रिक्षा?

शहापूर_बेळगाव

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बाबांना तपासणीसाठी बेंगळूरला जयदेव हृदयरोग संस्थेत न्यायचं आहे. त्यांची अँजिओप्लास्टी तिथंच झाली, त्यामुळं दाखवायचं तर तिथंच असं त्यांच्या मनानं घेतलंय आणि आम्हालाही ते पटतं. बाबा एकाहत्तर वर्षांचे. सपाटीला बरे चालतात, पण गुडघा धरतो. जिना आला की मधेच कठड्याला धरून उभे राहतात. सोबत आई, मी आणि चंदगडची आत्या. आत्या हवीच, कारण औषधाच्या बाबतीत बाबा फक्त तिचं ऐकतात.

बेळगाव ते बेंगळूर मला अवघड वाटत नाही. रात्री गाडीत बसायचं, सकाळी उतरायचं. घोर लागतो तो त्यानंतरचा. स्टेशनपासून हॉस्पिटल जेमतेम दहा किलोमीटर असेल, पण मागच्या वेळी डेअरी सर्कलच्या अलीकडं आमची रिक्षा अशी अडकली की पुढंही जाता येईना आणि उतरूनही उपयोग नव्हता. चारी बाजूंनी गाड्या, वर ऊन, धूर. बाबांना दरदरून घाम सुटला. आई त्यांची छाती चोळत होती आणि हॉस्पिटल कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा मला सांगता येत नव्हतं. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही.

आता जयदेवपर्यंत मेट्रो झाली असं ऐकतो. खरंच दारापर्यंत जाते का? मधे गाडी बदलावी लागते म्हणे, ते म्हाताऱ्या माणसाला झेपेल का? की मॅजेस्टिकवरून, म्हणजे सिटी स्टेशनसमोरच्या बसस्टँडवरून, सिटी बस बरी? आणि आई-आत्याला बसमध्ये तिकीट लागणार नाही ना? आईला शनिवार खुटावरच्या बाजारापुरती कन्नड येते, मला कामचलाऊ. जाऊन आलेल्यांनीच सांगा, प्लीज.

येळ्ळूरची_लेक

दादा, माझं माहेर येळ्ळूर. इथं बीटीएम लेआउटला राहते आणि कामाला रोज पिवळ्या लाइननं इलेक्ट्रॉनिक सिटीकडं जाते. जयदेव स्टेशन माझ्या स्टेशनच्या शेजारचं. गावाकडून कुणी पेशंट आला की आधी मला फोन येतो, त्यामुळं हे सगळं पाठ झालंय. सविस्तर लिहिते.

हो, मेट्रो जयदेवपर्यंत जाते. स्टेशनचं नावच जयदेव हॉस्पिटल आहे. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही पिवळी लाइन, 10 ऑगस्ट 2025 ला उद्घाटन झालं. आपल्या बेळगावच्या वंदे भारतला हिरवा झेंडा मिळाला तोही त्याच दिवशी. सुरुवातीला फक्त 3 गाड्या होत्या आणि एक चुकली की 25 मिनिटं फलाटावर उभं राहावं लागायचं. त्या दिवसांतला अनुभव सांगून कुणी घाबरवलं तर मनावर घेऊ नका, नंतर गाड्या वाढल्यात.

आता रस्ता. तुम्ही सगळे मॅजेस्टिक धरून चाललाय. मी म्हणते, तिथं उतरूच नका. यशवंतपूरला उतरा. आपल्याकडून येणारी गाडी तुमकूर करून आधी यशवंतपूरला येते, मग पुढं सिटी स्टेशनला, म्हणजे संगोळ्ळी रायण्णा स्टेशनला. राणी चेन्नम्मा एक्सप्रेस यशवंतपूरला थांबते. यशवंतपूरच्या रेल्वे स्टेशनजवळच मेट्रोचं स्टेशन आहे आणि ते हिरव्या लाइनवर आहे. पिवळी लाइन जिथून सुटते ते आर. व्ही. रोडही हिरव्याच लाइनवर. म्हणजे यशवंतपूरला बसलात की राजाजीनगर, मॅजेस्टिक, के. आर. मार्केट, लालबाग, जयनगर करत थेट आर. व्ही. रोड. मॅजेस्टिक मधे येतं, पण तुम्ही खुर्चीवर बसलेले असता. तिथं हिरवी आणि जांभळी लाइन एकमेकींना छेदतात, म्हणून अर्धा डबा रिकामा होतो आणि तितकाच पुन्हा भरतो. त्या रेट्यात म्हाताऱ्या माणसानं फलाटावर असण्यापेक्षा आत बसलेलं किती बरं, हे मी डोळ्यांनी बघते.

गाडीत चढताना एकच गोष्ट बघायची: सिल्क इन्स्टिट्यूटकडं जाणारी. उलट दिशेची मादावरला जाते.

आर. व्ही. रोडला उतरून पिवळीत बसायचं. बाहेर पडायचं नाही, नवीन तिकीट काढायचं नाही, आतल्या आत दुसऱ्या फलाटावर जायचं. पाट्या कन्नड आणि इंग्रजीत असतात, पण मी आमच्या काकींना एवढंच सांगितलं होतं की पिवळा पट्टा दिसेल तिकडं चालत राहा. बरोबर गेल्या. फक्त हिरवी गाडी थांबली की सगळी तरुण पोरं पळत सुटतात. त्यांच्यामागं पळायचं नाही. ती पुढं जाऊ देत, बाबांना बाकावर बसवा, दोन मिनिटांनी लिफ्ट मोकळी मिळते. एक गाडी गेली तर जाऊ दे.

तिथून पहिलं स्टेशन रागीगुड्डा, दुसरं जयदेव. उतरण्याची तयारी रागीगुड्डा सोडल्यावर करा, आधीपासून दारात उभं राहू नका.

जयदेवचं स्टेशन फार उंच आहे. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर पिवळ्या लाइनचा फलाट. तेव्हा तिथं पायऱ्या मनातही आणू नका. लिफ्ट आहेत. गर्दी बघून बाबा म्हणतील, चल रे, उतरू की जिन्यानं. ऐकायचं नाही. आत्यांना पुढं करा!

वेळेचं सांगते. यशवंतपूरहून आर. व्ही. रोड अर्ध्या तासाच्या आसपास, पुढचं पाच-सात मिनिटांचं. मधलं बदलणं, लिफ्ट, थांबत थांबत चालणं धरून एक तास हाताशी ठेवा. रिक्षा सकाळी सहाला त्याहून लवकर पोचवेल. साडेआठनंतर ती कधी पोचेल हे रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही. हृदयाच्या पेशंटला लवकर पोचण्यापेक्षा मधे कुठं अडकणार नाही याची खात्री जास्त महत्त्वाची आहे. मेट्रोत घाम फुटला तर पुढच्या स्टेशनवर उतरून बसता येतं, पाणी पाजता येतं, माणसं मदतीला येतात. सिग्नलला अडकलेल्या रिक्षातून कुठं उतरणार?

सामान कमी आणा. आत शिरताना बॅगा मशीनमधून जातात. फळं कापायची सुरी घरीच ठेवा, उगाच तिथं वाद. आणि मेट्रोत खायला मनाई आहे, हे बाबांना शुगर असेल तर लक्षात असू दे. यशवंतपूरला उतरल्यावर आधी स्टेशनवरच बसून भाकरी खाऊन घ्या, गोळ्या द्या, मग निघा.

निपाणीकर

ताईंचं सगळं बरोबर आहे, पण मला बसची बाजू मांडू द्या. मी माझ्या आईला घेऊन त्याच रस्त्यानं जात आलोय.

मॅजेस्टिकच्या केंपेगौडा बसस्टँडवरून बन्नेरघट्ट्याला जाणाऱ्या 365 नंबरच्या बसेस आहेत. त्या बन्नेरघट्टा रोडनं जातात, जयदेव वाटेतच. बस तिथूनच सुटते, म्हणून रिकामी मिळते. म्हाताऱ्या माणसाला एकदा खिडकीशी बसवलं की जयदेव येईपर्यंत उठवायचं कारण नाही. बदलणं नाही, लिफ्ट शोधणं नाही. चढताना दोन-तीन पायऱ्या, उतरताना तेवढ्याच. माझ्या आईला सरकत्या जिन्याची भीती वाटते, पाय टाकायचा क्षण तिला साधत नाही. तिला मेट्रोत नेलं की तीच घाबरते आणि माझाही जीव वर-खाली होतो. अशा माणसांना बस बरी.

पण सकाळी सातच्या आत बसायचं, ही माझी अट. त्यावेळी रस्ता मोकळा असतो. आठनंतर मी स्वतः बसच्या वाटेला जाणार नाही.

आता तिकिटाचं. शक्ती योजना 11 जून 2023 ला सुरू झाली. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट माफ. आपल्या वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसला चालतं तसंच बेंगळूरच्या बीएमटीसीलाही. एसी बसला नाही, मेट्रोला तर नाहीच. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो, ते उतरेपर्यंत जपून ठेवायचं. ओळखपत्र दाखवावं लागतं आणि त्यावर पत्ता कर्नाटकातला पाहिजे. तुमच्या आईंचं काम झालं. आत्यांचं आधार चंदगडचं, म्हणजे कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र. त्यांना तिकीट लागणार. जन्म बेळगावचा, माहेर बेळगावचं, हे सांगून कंडक्टरशी हुज्जत घालू नका. तो पत्ता बघतो आणि त्याचंही चुकत नाही. आमच्याकडं प्रत्येक घरात एक बहीण कागलला नाहीतर गडहिंग्लजला दिलेली असते. दोघी बहिणी शेजारी शेजारी बसतात, एकीला तिकीट लागतं आणि एकीला नाही. मला याचं फार वाईट वाटतं, पण नियम तो नियम.

शहापूर_बेळगाव

दोघांचेही मनापासून आभार. यशवंतपूरला उतरायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाबा सरकत्या जिन्याला घाबरत नाहीत, ते उलट हौसेनं चढतील. मला भीती लांब चालण्याची. मेट्रो स्टेशनवर व्हीलचेअर मिळते का? शिवाय चौघांचं तिकीट किती होईल? आणि परत येताना काय करायचं, कारण तपासणी होईपर्यंत दुपार उलटणार.

खानापूर_टेशन

गाडीबद्दल मी सांगतो, मी त्या लाइनवर कायम असतो.

वंदे भारतनं जायचा विचार असेल तर एक दिवस आधी निघा. ती बेळगावहून पहाटे सुटते आणि दुपारी बेंगळूरला पोचते, म्हणजे त्या दिवशीची ओपीडी गेलीच. बुधवारी ती नसते. बसून साडेआठ तासांचा प्रवास तुमच्या बाबांच्या गुडघ्याला सोसेल का, हेही बघा. आडवं पडून जायचं तर राणी चेन्नम्मा किंवा रात्रीची बेळगाव-बेंगळूर सुपरफास्ट. खालचा बर्थ मागताना ज्येष्ठ नागरिकाचा कोटा टाका. बाबांचं आणि आईचं एकाच पीएनआरवर काढलं तर दोघांनाही खाली मिळायची शक्यता जास्त.

तिकिटावर शेवटचं स्टेशन कुठलं ते वाचा. बेंगळूर नाव बघून बुकिंग करू नका. सणासुदीला सोडतात त्या जादा गाड्यांतल्या काही बैयप्पनहळ्ळीच्या विश्वेश्वरय्या टर्मिनलला जातात, ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि यशवंतपूरला उतरायचं तर पहाटे अटेंडंटवर विसंबू नका, तुमकूर गेलं की सगळ्यांना उठवून चपला घालून बसवा.

खाजगी स्लीपर बसनं येणाऱ्यांसाठीही तोच मार्ग. बस तुमकूर रोडनंच शहरात शिरते आणि हिरवी लाइन त्याच रस्त्यावरून चालते. नागसंद्र, दासरहळ्ळी, जालहळ्ळी, गोरगुंटेपाळ्य, यातल्या कुठल्याही स्टेशनपाशी उतरा आणि मेट्रो धरा. आनंदराव सर्कलपर्यंत बसमध्ये बसून राहिलात तर शेवटच्या दहा किलोमीटरला एक तास जातो.

येळ्ळूरची_लेक

दादा, व्हीलचेअर मेट्रो स्टेशनवर असते. गेटवरच्या सुरक्षारक्षकाला किंवा तिकीट खिडकीवर सांगायचं. यशवंतपूरला घेतलीत तर उतरताना आर. व्ही. रोडला पुन्हा मागा, तिथली वेगळी. बाबांना ती घ्यायला लाज वाटेल, माझ्या मामांना वाटली होती. त्यांना मी म्हटलं, मामा, डॉक्टरांसमोर दम लागलेला दिसला तर ते आजच अॅडमिट करतील. गुपचूप बसले.

पैशाचं म्हणाल तर 9 फेब्रुवारी 2025 पासून मेट्रोचे दर चांगलेच वाढलेत. कमीत कमी 10 रुपये, जास्तीत जास्त 90, मधला दर अंतरावर. इथं त्यावरून खूप ओरड झाली आणि ती रास्त होती, रोज जाणाऱ्याच्या खिशाला तो फरक लागतो. तरी तुमचा हिशोब वेगळा आहे. तुम्ही चौघं. रिक्षात तिघं बसतात, म्हणजे रिक्षा दोन. 1 ऑगस्ट 2025 पासून मीटरचा दर पहिल्या दोन किलोमीटरला 36 आणि पुढं किलोमीटरला 18, म्हणजे सिटी स्टेशनवरून दहा किलोमीटर धरले तरी एका रिक्षाचे 180. तेही मीटर टाकला तर. शिवाय दोन रिक्षांत तुमची ताटातूट. बाबा एकीत, गोळ्यांची पिशवी दुसरीत, असं व्हायला नको.

चौघांना टोकनच घ्या, मोबाइलच्या तिकिटाच्या भानगडीत पडू नका. प्रत्येकाच्या हातात ज्याचं त्याचं. आत जाताना गेटवर नुसतं टेकवायचं, बाहेर पडताना फटीत टाकायचं. मधल्या वेळेत बाबांचं टोकन आत्यांकडं द्या. मुठीत धरलं तर कठडा धरताना हमखास पडतं, आणि हरवलं तर बाहेर पडताना दंड.

बायकांसाठी पहिला डबा राखीव असतो. आई-आत्या सवयीनं तिकडं वळतील, त्यांना वळू देऊ नका. चौघं एकाच डब्यात चढा. ज्येष्ठांच्या जागा प्रत्येक डब्यात आहेत. कुणी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं असेल तर सरळ सांगा, उठतात. माझ्या समोर कुणी नाही म्हटल्याचं मी पाहिलं नाही.

आता परतीचं, आणि इथं मात्र माझं ऐकाच. तपासणी दोनला संपो की तीनला, हॉस्पिटलसमोर चहा पीत, आईला साड्यांची दुकानं दाखवत वेळ काढू नका. चारच्या आत जयदेवहून मेट्रोत बसा. पाचनंतर आर. व्ही. रोडला जी माणसांची लाट येते ती रात्री आठपर्यंत ओसरत नाही. मी धडधाकट असून कधीकधी दोन गाड्या सोडते. तुमच्या रात्रीच्या गाड्यांना भरपूर वेळ असला तरी तो स्टेशनवरच्या वेटिंग रूममध्ये काढलेला बरा. तिथं पाय पसरता येतात, संडास जवळ असतो, जेवण मिळतं. परतताना यशवंतपूरऐवजी मॅजेस्टिकला उतरून सिटी स्टेशनवरूनच गाडीत बसा. गाडी तिथून सुटते, आधीच लागलेली असते, बाबांना सावकाश चढवता येईल. यशवंतपूरचा थांबा थोडा असतो.

रविवारी पोचणार असाल तर मेट्रो सकाळी 7 लाच सुरू होते, तोवर बसून राहावं लागेल. पण ओपीडी रविवारी नसते, तेव्हा सोमवार ते शनिवारातलाच दिवस धरा. सोमवारी सगळीकडची गर्दी तिथं उसळते. मंगळवार-बुधवार जमवा.

जुनं डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचं कार्ड, रेशन कार्ड आणि आधार एका पिशवीत, आणि ती पिशवी तुमच्या खांद्याला. बीपीएल कार्ड असेल तर सवलत मिळते, तेव्हा झेरॉक्सवर भागवू नका, मूळ कार्ड आणा.

निपाणीकर

येळ्ळूरच्या ताईंनी परतीचं जे सांगितलं त्याला माझा शंभर टक्के दुजोरा. संध्याकाळी बसही नको. चारनंतर बन्नेरघट्टा रोड म्हणजे चालणारा माणूस बसच्या पुढं जातो.

एक विचारू का ताई? पिवळी लाइन पहाटे किती वाजता सुरू होते? माझ्या चुलतभावाला बोम्मसंद्रला नारायण हृदयालयात जायचंय. त्याची बस पहाटेच तुमकूर रोडला सोडते.

येळ्ळूरची_लेक

निपाणीकर काका, हिरवी लाइन एरवी पहाटे 5 ला सुरू होते. पिवळीच्या वेळा गाड्या वाढतील तशा बदलत आल्यात, म्हणून यशवंतपूरच्या खिडकीवर टोकन घेतानाच विचारायला सांगा. फार लवकर असेल तर तिथंच चहा घेऊन थांबू दे, आर. व्ही. रोडला जाऊन ताटकळण्यापेक्षा बरं. बोम्मसंद्र हे पिवळीचं शेवटचं स्टेशन, त्यामुळं उतरायचं चुकणार नाही. तिथून हॉस्पिटलच्या आवारात जायला रिक्षा करावी, अंतर चालण्यासारखं वाटलं तरी पेशंटला चालवू नये.

शहापूरच्या दादा, तारीख ठरली की इथंच लिहा. शनिवार असेल तर मी आर. व्ही. रोडच्या फलाटावर उभी राहीन. आईंना म्हणावं, येताना माझ्यासाठी बेळगावचा कुंदा आणा, पाव किलो पुरे.

शहापूर_बेळगाव

ठरलं मग, जाताना यशवंतपूर आणि येताना मॅजेस्टिक. राणी चेन्नम्माचं बुकिंग आज रात्रीच करतो, ज्येष्ठ नागरिक कोट्यातून, आई-बाबा एका पीएनआरवर. मंगळवारचं बघत होतो, पण ताई, तुम्ही येणार म्हणताय तर शनिवार धरतो. आत्याला टोकनाचं सांगितलं, ती म्हणाली माझ्या कमरेच्या पिशवीत ठेवीन. कुंदा अर्धा किलो आणतो.